सांबऱ्याची धावपट्टी

बेळगाव शहरापासून पूर्वेस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर सांबरे हे गाव आहे. आमच्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांची घरे त्याच बाजूस असल्याने डोक्यावरून खाली उतरत जाणारे विमान ही त्यांना नवलाची वस्तू राहिलेली नाही. वर्गाच्या खिडकीतून विमान दिसले, तर मान वर करतो तो नव्याने दाखल झालेला विद्यार्थी, असा आमचा अनुभव आहे. नेहमी दिसणाऱ्या वस्तूविषयी माणूस प्रश्न विचारीत नाही. आणि म्हणूनच गेल्या डिसेंबरात आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतील होकायंत्र व एक नकाशा घेऊन सांबऱ्याच्या रस्त्याने पायी नेले. त्या दिवशी जे पाहिले, जे विचारले गेले आणि ज्याचे उत्तर देताना आमची थोडी अडचण झाली, ते येथे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम होकायंत्राची गोष्ट. विमानतळाच्या कुंपणाच्या आत जाण्याची परवानगी अर्थातच नव्हती. परंतु बाहेरच्या रस्त्यावरूनही धावपट्टीची दिशा अजमावता येते. तिच्या एका टोकास ०८ आणि दुसऱ्या टोकास २६ असे अंक मोठ्या अक्षरांत रंगविलेले असतात. हे अंक म्हणजे धावपट्टीचा अनुक्रम नव्हे; तसे असते तर आमच्या बेळगावात सव्वीस धावपट्ट्या शोधाव्या लागल्या असत्या! चुंबकीय उत्तरेपासून मोजलेली दिशा दहा-दहा अंशांत पूर्ण करावयाची व शेवटचे शून्य गाळावयाचे, अशी ही जगभर मान्य झालेली रीत आहे. ०८ म्हणजे ८० अंश, अर्थात जवळजवळ पूर्व. २६ म्हणजे २६० अंश, अर्थात जवळजवळ पश्चिम. या दोन अंकांतील अंतर सर्वत्र १८ च येते, कारण एकाच रेषेची ती दोन तोंडे आहेत आणि त्यांच्यात १८० अंशांचा फरक असतोच. ही वजाबाकी एका विद्यार्थिनीने आम्ही सांगण्यापूर्वीच करून दाखविली.

धावपट्टी पूर्व-पश्चिम का ठेविली, याचे उत्तर आमच्या पावसात आहे. विमान नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते व शक्यतो तसेच उतरते. समोरून येणारा वारा पंखांस फुकटची मदत करतो, आणि जमिनीवरून कमी धावूनही विमानास उचल मिळते. पावसाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचा वारा किती जोराचा असतो, हे छत्री उलटी झालेल्या कोणासही सांगावयास नको. हिवाळ्यात तोच वारा बहुधा पूर्वेकडून येतो. तेव्हा पूर्व-पश्चिम रेषा आखली की वर्षाचा मोठा भाग वारा नाकासमोर राहतो.

जागेची निवडही विचार करण्यासारखी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीस वर्षाकाठी सुमारे सात मीटर पाऊस कोसळतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटर आत आलेल्या बेळगावास तो सुमारे सव्वा मीटरवर येतो, आणि शहराच्या पूर्वेस जसजसे जावे तसतसा आणखी विरळ होतो. घाटातील धुके, ढग आणि चिखल टाळावयाचा, पण समुद्रापासून फार दूरही जावयाचे नाही, अशा दोन्ही अटी सांबऱ्याच्या माळाने पुऱ्या केल्या. जवळून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग, आणि शहरात एकोणिसाव्या शतकापासूनची लष्करी छावणी. मात्र एक उणेपण राहिले. हा माळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर, म्हणजे २,४८७ फूट उंचीवर आहे. इतक्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. हवा विरळ म्हणजे पंखास आधार कमी आणि इंजिनास श्वास कमी. म्हणून तेच विमान, तेवढाच बोजा घेऊन, गोव्याच्या दाबोळीपेक्षा सांबऱ्यास अधिक धावल्यानंतरच उचलते. एप्रिलच्या उन्हात हवा तापली की हे अंतर आणखी वाढते. शास्त्राच्या तासाला घनतेची व्याख्या घोकणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

आता इतिहासाकडे वळू. हा विमानतळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधला. १९४२ हे साल आम्हा भारतीयांस ऑगस्टमधील 'चले जाव'मुळे ठाऊक असते, परंतु त्याच वर्षाचा पूर्वार्ध इंग्रज सरकारास मोठ्या भीतीचा गेला होता. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी आरमाराची विमाने कोलंबोवर येऊन गेली, आणि ६ एप्रिलला आपल्या पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बाँब पडले. तोवर हिंदुस्थानच्या संरक्षणाचा सारा विचार वायव्येकडील खिंडींच्या दिशेने होत असे. तोफांची तोंडे पेशावरकडे आणि शत्रू मात्र बंगालच्या उपसागरातून येणारा, अशी स्थिती झाली. मग देशभर विमानतळ बांधण्याची घाई सुरू झाली आणि थोड्याच काळात त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांपैकी किती तरी युद्धानंतर गवताखाली गेले. सांबरा टिकला.

१९४३ साली मित्रराष्ट्रांनी आग्नेय आशियाच्या युद्धासाठी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली एक स्वतंत्र आधिपत्य निर्माण केले; त्याच्या ब्रह्मदेशातील मोहिमेस पाठबळ देणारे प्रशिक्षणाचे ठाणे, हे सांबऱ्याचे काम होते. रणभूमी येथून दोन हजार किलोमीटरांवर. तेव्हा या माळावर लढाई झाली नाही, बाँब पडला नाही. एका विद्यार्थ्याने हे ऐकून उघड निराशा दाखविली. "मग इथे झालं तरी काय, सर?" असा त्याचा प्रश्न होता. शिकणे झाले, असे आम्ही उत्तर दिले. पण शिकण्यास युद्धात काय मोल असते, हे समजण्यासाठी थोडे मणिपूरकडे जावे लागेल.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळ व कोहिमाच्या रोखाने निघाले. त्यांच्या वाटेवर उख्रूलच्या दक्षिणेस सांगशाक नावाचे नागा लोकांचे डोंगरी खेडे आहे. तेथे ५० वी भारतीय छत्रीधारी ब्रिगेड उभी राहिली आणि तिच्या जोडीस ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून आमच्या बेळगावातच आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहे; सकाळची त्यांची कवायत पाहतच ते शाळेस येतात. २० ते २६ मार्च अशी ही झुंज चालली. डोंगराचा माथा लहान, खडक इतका वर आलेला की नीट खंदक खणता येईनात, आणि पाणी जवळजवळ नाही. रस्ता तुटल्यामुळे अन्न, पाणी व दारूगोळा विमानातून छत्र्यांनी टाकण्यात येई. परंतु आपल्या लोकांच्या हाती राहिलेली जागाच इतकी अरुंद होती की टाकलेल्या सामानाचा मोठा भाग वाऱ्याने पलीकडे जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडे. पाण्याचा थेंब महाग झालेल्या सैनिकाने आपल्यासाठी आलेली छत्री डोळ्यांदेखत शत्रूकडे वाहत जाताना पाहिली, त्या वेळी त्यास काय वाटले असेल?

२६ मार्चच्या रात्री त्या ब्रिगेडला माथा सोडावा लागला. तरी त्या सहा दिवसांच्या विलंबाने कोहिमा व इंफाळ येथील तयारीस जो वेळ मिळाला, त्याचे महत्त्व पुढे सर्वांनी मान्य केले. नंतर इंफाळला वेढा पडला, तो २२ जून १९४४ रोजी रस्ता मोकळा झाला तेव्हा उठला. तोवर त्या खोऱ्यास जगविले ते विमानांनी. या काळात सुमारे १९,००० टन रसद व १२,००० माणसे हवेतून आत नेली गेली. १३,००० जखमी व आजारी आणि लढाईशी संबंध नसलेले ४३,००० लोक बाहेर आणले गेले. हे काम मुख्यतः डाकोटा विमानांचे. दोन इंजिनांचे हे साधे, कष्टाळू विमान एका खेपेस सुमारे तीन टन बोजा नेई. एकोणीस हजारास तीनने भागून पाहा म्हणजे किती वेळा कोणास पावसाळी ढगांतून डोंगरांवरून जावे लागले असेल, याचा अदमास येतो. यासाठी विमाने तर लागतातच. पण त्यांच्यामागे वैमानिक, यंत्रकुशल कामगार, बिनतारी संदेश घेणारे, हवामान पाहणारे अशी शिकून तयार झालेली माणसे लागतात. ती दूरवरच्या शांत ठाण्यांवरच तयार होऊ शकतात. सांबरा हे त्यांपैकी एक.

येथे एक मौजेची गोष्ट सांगून टाकतो. ज्या काळात सांबऱ्यास ही धामधूम होती, त्याच काळात येथून शंभर किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या पलीकडे, युद्ध नव्हते! गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल तटस्थ. युद्ध सुरू होताच जर्मनीची तीन आणि इटलीचे एक व्यापारी जहाज मुरगावच्या बंदरात आश्रयास येऊन बसले होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या 'लाइट हॉर्स' नावाच्या हौशी पथकातील मंडळी, ज्यांपैकी बरेच जण पोक्त वयाचे व्यापारी-कारकून होते, एका गाळ काढणाऱ्या तराफ्यातून येऊन 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर चढली. ती चारही जहाजे त्या रात्री जळून बुडाली. तटस्थ बंदरात इंग्रजांनी हात घातला, हे कबूल करणे सोयीचे नसल्यामुळे ही हकीगत पुस्तकरूपाने बाहेर पडण्यास १९७८ साल उजाडावे लागले. असो.

युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, परंतु घाटापलीकडील गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर आणि भारताची नाकेबंदी हळूहळू आवळत गेल्यावर, गोव्याच्या सरकारास बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्यास आकाशाचीच वाट उरली. दाबोळीच्या पठारावरील विमानतळ १९५५ साली सुरू झाला तो या कारणाने. गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव त्यास दिलेले होते. त्याच साली टी.ए.आय.पी. या नावाने गोव्याची स्वतःची विमानसेवा निघाली आणि तिची विमाने दमण, दीव व कराची येथे जाऊ लागली. सांबरा जपान्यांच्या भीतीतून जन्मला, दाबोळी भारताच्या नाकेबंदीतून. सह्याद्रीच्या दोन बाजूंची ही दोन विमानतळे आणीबाणीचीच अपत्ये होत.

डिसेंबर १९६१ मध्ये ती एकमेकांसमोर उभी ठाकली. गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी हवाई दलाची सिद्धता पुणे व सांबरा या दोन तळांवर झाली. तिचे आधिपत्य एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होते. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालील पायदळ बेळगावात जमले. आग्र्याहून ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी छत्रीधारी ब्रिगेडही येथेच आली. ही तीच ब्रिगेड, जिने सतरा वर्षांपूर्वी सांगशाकचा माथा लढविला होता. नियतीचा खेळ असा की छत्रीने उतरण्यात निष्णात असलेले हे सैनिक गोव्यात मात्र जमिनीवरून गेले. वाटेतील मोडलेले पूल, नद्या व खाड्या ओलांडीत त्यांनी १९ डिसेंबरला पणजी गाठली. तिच्यातील मराठा पलटण उसगावच्या वाटेने फोंड्याकडे गेली.

१८ तारखेच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन वजनाचे बाँब टाकले. त्यानंतर आणखी आठ विमाने आली. आज्ञा अशी होती की धावपट्टी निकामी करावी, परंतु इमारतींस हात लावू नये. जो विमानतळ उद्या आपलाच होणार, तो आज जपून मोडावयाचा! हंटर विमानांच्या एका तुकडीने बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. त्या रात्री दाबोळीवरील कामगारांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजविला, आणि तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने, एक पोर्तुगालच्या कंपनीचे व एक टी.ए.आय.पी.चे, अवघ्या सातशे मीटरांत उचलून, समुद्रावरून अगदी खालून उडत कराचीस निसटली. अधिकाऱ्यांची कुटुंबे त्यांत होती. पहिल्या विमानाच्या अंगास उडालेल्या खड्यांनी पंचवीस भोके पडली होती. शत्रुपक्षाच्या वैमानिकाचे कौशल्य सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. सातशे मीटरांत चार इंजिनांचे विमान उचलणे म्हणजे काय, हे होकायंत्र घेऊन धावपट्टीच्या कडेने चाललेल्या मुलांस चांगले समजले. सांबऱ्याची आजची धावपट्टी २,३०० मीटर आहे.

येथवर सांगून झाले तेव्हा मघाचाच निराश विद्यार्थी पुढे आला. "सर, तुमचं घर गोव्याचं ना? म्हणजे आपल्या गावाकडून फौज गेली ती तुमच्या आजीच्या गावावर?"

आम्ही क्षणभर थांबलो. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता; तो नकाशावर बोट ठेवून विचारलेला सरळ प्रश्न होता, आणि बोट डिचोलीवर होते. आमच्या घरात कोकणी बोलतात. आमची आजी डिचोली महालातील. १९६१ साली ती सोळा वर्षांची होती. तिने आम्हांस सांगितलेली हकीगत आम्ही मुलांस तशीच सांगितली. १८ तारखेस पहाटे पाचच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि चुलीवरचे भांडे हलले. पोर्तुगिजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडविला होता. आवाज कोणाचा, आपला की परका, हे कोणासच कळेना. पणजोबांनी गुरे सोडून दिली, घरास कडी घातली आणि साऱ्यांना कुळागरात, माडा-पोफळींच्या दाट सावलीत नेऊन बसविले. सुटका होते आहे याचा आनंद त्या वेळी झाला का, असे आम्ही तिला एकदा विचारले होते. तिचे उत्तर असे की, भीती आधी आली, आनंद मागून आला, आणि दोहोंच्या मध्ये भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी एक विमान आले. त्यातून बाँब न पडता माणसाचा आवाज येत होता. हे विमान कोणते, ते आता इतिहासास ठाऊक आहे. १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे एका गुप्त नभोवाणी केंद्रावरून कोकणी व पोर्तुगीज भाषांत गोमंतकीयांसाठी बातम्या देत असत. प्रथम आंबोलीच्या बाजूचे रान, मग कॅसलरॉक, आणि पुढे आमचे बेळगाव, असे त्या केंद्राचे स्थलांतर झाले. सहा वर्षे ही दोघे अज्ञातवासातच होती म्हणावयास हवे. १९ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाच्या विमानात ध्वनिवर्धक बसवून, गोवा मुक्त झाल्याचे त्यांनी आकाशातून गोमंतकीयांस सांगितले आणि पत्रके टाकली. लिबिया लोबो-सरदेसाई यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

आजीस पूर्ण वाक्य ऐकू आले नव्हते. वारा, माडांची सळसळ आणि विमानाची घरघर यांतून तुटक शब्द तेवढे पोचले. परंतु एवढे तिला उमगले की हे शब्द पाखल्यांच्या भाषेतील नाहीत. "तो आवाज आमचोच आशिल्लो," असे ती अजूनही म्हणते. तोवर सरकारी हुकूम म्हटला की तो पोर्तुगिजांच्या भाषेत यावयाचा आणि गावातल्या कोणाकडून तरी समजावून घ्यावयाचा, अशीच तिला सवय होती.

विद्यार्थ्याने नकाशावरील बोट उचलले आणि तो काही बोलला नाही. आम्हीही त्यास काही विचारले नाही.

त्यानंतरचा वृत्तान्त थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दाबोळी भारतीय नौदलाकडे गेली आणि १९६४ पासून 'हंस' हे नौदलाच्या विमानांचे ठाणे तेथे आहे. नागरी विमानेही तेथूनच जातात. गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा येथे झाला व जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सांबऱ्याचे नागरी विमानतळ मध्यंतरी बरेच दिवस निपचित पडल्यासारखे होते. धावपट्टी वाढवून सप्टेंबर २०१७ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाल्यावर आणि लहान शहरांस जोडणाऱ्या सरकारी योजनेमुळे तेथे पुन्हा वर्दळ आली. शेजारी हवाई दलाची शाळा आहे. देशाच्या सर्व भागांतून निवडलेली तरुण मुले तेथे पहिले धडे घेतात. २०२२ च्या अखेरीस अग्निवीरांची पहिली तुकडीही याच माळावर दाखल झाली. परत येताना त्यांची एक रांग आम्हांस रस्त्याने धावत जाताना दिसली. आमच्या मुलांनी त्यांस हात केला; शिस्तीमुळे त्यांना हात करता आला नाही, पण शेवटच्या दोघांनी हसून घेतले.

या सहलीनंतर आमच्या वर्गाने एक वही सुरू केली आहे. सांबरे, बाळेकुंद्री, मुतगे, सुळेभावी आदी गावांत १९४२ सालच्या बांधकामाविषयी घरांतून काही सांगितले जात असेल, अथवा १९६१ च्या डिसेंबरात बेळगावात उतरलेल्या सैन्याची, रेल्वे ठाण्यावरील गर्दीची, त्या रात्रीच्या काळोखाची आठवण कोणाच्या आजी-आजोबांस असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत, मग ते शब्द मराठी असोत, कानडी असोत की कोकणी, विद्यार्थ्यांनी लिहून आणावी. पालकांनी जुने छायाचित्र दिल्यास त्याची प्रत करून मूळ त्याच दिवशी परत देण्यात येईल. वही शाळेच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या कपाटात ठेविली आहे. तिच्यातील पहिले पान आमच्या आजीचे आहे.